उजवीकडचं दार

कॅल्युमेट, मिशिगन
१२ जून १९९४

प्रिय लेम्पी,

अनेक आशीर्वाद. तू चार वर्षांनी धाकटी बहीण, म्हणून देतोय. तुला ते नको असतात हे ठाऊक आहे. इकडे सगळं ठीक. सरोवरावरून अजून गार वारा येतो, शनिवारी सौनाची खोली तापवतो आणि त्यात एकटाच घाम गाळत बसतो.

आता मुख्य बातमी. मला एक गाडी आवडलीय. लाल, दोनच माणसांची, वरचं छत उघडणारी स्पोर्ट्स कार. हॅनकॉकजवळ ड्वेन म्हणून एकजण मोडक्या गाड्या दुरुस्त करून विकतो, त्याच्याकडे आहे. निम्म्या किमतीत देतोय, कारण मालकीच्या कागदावर 'सॅल्व्हेज'चा शिक्का आहे. अपघातानंतर विमा कंपनीने ती भंगारात काढली होती. तू आणि तुझ्या रेमंडने जन्मभर ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ केलेत, तेव्हा तुला विचारल्याशिवाय सही करणार नाही.

बहात्तराव्या वर्षी हे काय, असं म्हणू नकोस. नोकरीभर काउंटीचा रस्त्यावरचा बर्फ हटवायचा नांगर चालवला. कॉपर हार्बरच्या रस्त्याचं एकूण एक वळण मी बर्फ ढकलत, कानटोपी घालून, पायी चालल्यासारखं काढलंय. एकदा, झाडं लाल झाली की, डोक्यावर आभाळ उघडं ठेवून तिथून सुसाट जायचंय.

फोन करत नाही, कारण तुला ऐकू येत नाही आणि मग आपण दोघं नुसते ओरडत बसतो. उत्तर जरा मोठ्या अक्षरात लिही. तुझी अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग.

लोभ आहे तो राहू दे, गाडी घेतली तरी.
तुझा आर्वो

टोलीडो, ओहायो
२० जून १९९४

प्रिय आर्वो,

स. न. वि. वि. घे, लिहिलं मोठ्या अक्षरात. एका पानात मावलं असतं त्याला तीन पानं लागली. आणि मला नावं ठेवतोस, तुझ्या ओळी तर डोंगर चढायला लागल्यात! कागदाला रेघा कशाला असतात रे?

म्हातारचळ लागलाय तुला, दुसरं काय. अरे, तो शिक्का एकदा बसला की गाडीच्या जन्मात पुसला जात नाही. उद्या विकायला काढलीस तर कुत्रं विचारणार नाही. पूर्ण विमा द्यायला कंपन्या नाकं मुरडतील. ते एक वेळ चालेल. पण आमच्याकडे अशा गाड्या यायच्या, वरून नव्या नवरीसारख्या आणि खालची चौकट वाकडी. वेगात वळण घेतलं की अशी गाडी कुठे जाईल याचा नेम नाही. आणि तू निघालायस सुसाट जायला.

तू ऐकणाऱ्यातला नाहीस, तेव्हा निदान नीट बघून ये. फ्रिजवरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरव. जिथे चिकटणार नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय असं समज. पायाखालचं कार्पेट उचलून वास घे. कुबट आला तर गाडी पाण्यात बुडाली होती. आणि भर उन्हात दहा पावलं मागे जाऊन रंग बघ. एखादा भाग वेगळा दिसला तर तिथे मार बसलाय. मला फोटो पाठव.

काळजी लावतोस, तरी माया कमी होत नाही.
तुझी लेम्पी

कॅल्युमेट
३ जुलै १९९४

प्रिय लेम्पी,

आशीर्वाद, आणि तुझ्या लोहचुंबकाला शिव्या.

शेजारच्या एइनोला घेऊन गेलो. माझी ब्युइक जरा कुरकुरते, म्हणून त्याच्याच गाडीतून. चुंबक बॉनेटवर टेकवलं, पडलं. दारावर टेकवलं, पडलं. मागे, पुढे, चारी अंगांनी फिरवलं, कुठेच चिकटेना! मी ड्वेनला म्हटलं, लाज नाही वाटत, अख्खी गाडी लांबीची बनवून विकतोस? तो पोट धरून हसायला लागला. एइनोही हसला. मग मला सांगितलं की ही कॉर्व्हेट, हिचं अंग फायबरचंच असतं, पत्रा नसतोच. आता ही गोष्ट गावभर झालीय. पोस्टातली बाई मला फ्रिजची खुशाली विचारते.

बाकी सगळं तू सांगितलंस तसं केलं. वास चांगला आहे. इंजिनाचा आवाज तर असा की ऐकत राहावं, एकही ठोका चुकत नाही. उन्हात दहा पावलं मागे गेलो. रंग इथून तिथून एकसारखा, कुठे डाग नाही की फरक नाही. एइनोने काढलेला फोटो सोबत आहे. आता हो म्हण.

तुझ्या होकाराची वाट बघणारा,
आर्वो

टोलीडो
११ जुलै १९९४

प्रिय आर्वो,

स. न. वि. वि. अरे गाढवा, कॉर्व्हेट आहे हे आधी सांगायला तुझं काय जात होतं? मी एवढी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. रेमंड असता तर त्याने गॅरेजात चुंबक टांगून ठेवलं असतं.

मग फोटो बघितला.

आर्वो, उजवीकडचं दार वेगळं आहे. सगळी गाडी बिटासारखी लाल आणि ते दार टोमॅटोसारखं. दुसऱ्या गाडीचं काढून बसवलंय आणि रंग जुळवायचे कष्टसुद्धा घेतलेले नाहीत. आंधळ्यालाही दिसेल, असं मी तुला लिहायला घेतलं, आणि माझा हात तिथेच थांबला.

मग तुझी सगळी पत्रं काढली आणि शेजारी शेजारी ठेवली. मार्चपर्यंत ओळी सरळ आहेत. माझ्याकडून मोठी अक्षरं लिहून घेतोस. एइनोच्या गाडीतून फिरतोस. तू, जो दुसऱ्याच्या गाडीत बसलास की पायाखाली ब्रेक शोधतोस!

गाडीचं राहू दे बाजूला. तुझ्या डोळ्यांना काय झालंय ते सांग. खोटं लिहिलंस तर पुढच्या बसने येऊन उभी राहीन.

तुझी, घाबरलेली,
लेम्पी

कॅल्युमेट
२० जुलै १९९४

प्रिय लेम्पी,

आशीर्वाद कसले देऊ? पकडलास चोर.

एप्रिलपासून चालू आहे. मधोमध कुणीतरी अंगठा टेकवून ठेवल्यासारखं वाटतं. कडेकडेचं दिसतं, नेमकं समोरचं दिसत नाही. एइनो बोलायला येतो तेव्हा त्याचे कान दिसतात, तोंड नाही. कानांवरून त्याला ओळखतो, ते मोठे आहेत म्हणून बरं. तुझं पत्र भिंगाखाली, मान वाकडी करून वाचतो. डॉक्टर म्हणाले, हे वाढणार, थांबणार नाही. ब्युइक कुरकुरत नाही. मी पोस्टाच्या पेटीला धडकलो, तेव्हापासून ती अंगणात उभी आहे.

तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच म्हणणार, टोलीडोला ये. मला इथेच राहायचंय.

लायसन्स अजून खिशात आहे. हिवाळ्याच्या आत काढून घेतील. लेम्पी, मला एकदाच जाऊ दे. पहाटे त्या रस्त्याला चिटपाखरू नसतं. वळणं सगळी पाठ आहेत मला. ते दार वेगळं आहे तर असू दे. मला कुठे दिसतंय?

रागावू नकोस. नाहीतर रागाव, पण लिहीत जा.
आर्वो

टोलीडो
२८ जुलै १९९४

प्रिय आर्वो,

आज नमस्कार वगैरे काही नाही. दोन दिवस रडले, मग तुझ्यावर चिडून अख्खं घर पुसून काढलं.

तू चालवणार नाहीस. पहाटे नाही, एकदासुद्धा नाही. वळणं तुला पाठ आहेत, पण वळणापलीकडे सायकल घेऊन उभं असलेलं पोर पाठ नाही. हे तुलाही कळतं, म्हणून तर चार महिने ब्युइकला हात लावला नाहीस. लायसन्स तू स्वतःहून परत कर. कुणी येऊन हिसकावून घेण्यापेक्षा ते बरं.

आता दुसरं. गाडी घे.

नीट वाचलंस, मान वाकडी करून परत वाच. इतके दिवस मी म्हणत होते, पुढे कोण विकत घेईल, पुढे काय किंमत येईल. आपल्याला पुढे विकायची कुठे आहे? मला काळजी फक्त चौकटीची. एइनोच्या ओळखीतल्या गॅरेजवाल्याकडून ती वर उचलून बघ. खालची चौकट सरळ असेल, वेल्डिंग नसेल आणि चारी चाकं एका रेषेत असतील, तरच सही. जरा जरी वाकडी असेल तर ड्वेनला सांग, तुझी नवरी तुलाच ठेव.

सप्टेंबरात मी येते. टोलीडोला चल म्हणणार नाही, वचन देते. मी गाडी चालवीन. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या रंगवून दिल्या, अशी एकही चालवली नाही. गॅरेजातल्या यंत्रांनी माझे कान खाल्ले, इंजिन मला ऐकू येत नाही. ते तू ऐक. मी रस्ता बघते. दोघांचं मिळून एक धड माणूस होईल.

चिडले तरी तुझीच,
लेम्पी

कॅल्युमेट
९ सप्टेंबर १९९४

प्रिय लेम्पी,

हे जाड पेनाने लिहितोय, म्हणून थोडंच.

लायसन्स देऊन आलो. बाहेर येऊन एइनोच्या गाडीत बसलो, त्याने बराच वेळ किल्ली फिरवली नाही. भला माणूस आहे.

गाडी वर उचलून बघितली. चौकट सरळ आहे, वेल्डिंग कुठे नाही. मार उजव्या दारालाच बसला होता, तेवढंच बदललंय. कागद झाले. शिक्का आहे तिथेच आहे आणि त्याच्याखाली मालक म्हणून तुझं नाव आहे. एइनोची बायको तुझ्यासाठी वेलचीचा निसू पाव भाजतेय. रंगाचा डबा आणू नकोस. ते दार माझ्या बाजूचं आहे, तसंच राहू दे.

रोज संध्याकाळी जाऊन गाडीत बसतो. उजवीकडे, स्टिअरिंगसमोरची डावी जागा तुझ्यासाठी मोकळी ठेवून. काल तिथे बसून एक गोष्ट लक्षात आली. तू आलीस की मला भेटायला धावशील, समोर उभी राहशील, आणि मला तुझा चेहरा दिसणार नाही. तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस. गाडीत बसलो की तू माझ्या डाव्या हाताला, अगदी कडेला असशील. मी सरळ समोर बघत बसेन, म्हणजे सगळा रस्ताभर तू मला दिसशील.

लवकर ये.
तुझा आर्वो