केलात ना डोंगर मोठा

प्रिय खापरपणजोबा,

'तीर्थस्वरूप' लिहायला हवं होतं, पण घरात तुमचं नाव इतक्या आदरानं कधी निघालंच नाही. आज लिहितेय, कारण सकाळी दुबईतल्या ऑफिसात बॉस म्हणाला, "मॅडम, क्लायंट होटल के पैसे दे रहा है, पहाड़ के नहीं. पहाड़ छोटा करो, खलास." आणि मला तुम्ही आठवलात.

मीही चित्रंच काढते, कॉम्प्युटरवर. इमारत बांधण्याआधी ती कशी दिसेल, त्याची. या वेळी शेजारच्या रास अल खैमा अमिरातीतल्या डोंगराखालचं एक हॉटेल आहे. मध्यंतरी लेकीला घेऊन तो डोंगर बघून आले. उघडाबोडका, तपकिरी. आपल्या सह्याद्रीची हिरवी माया त्याला नाही, पण पायथ्याशी उभं राहिलं की मान वर करावीच लागते. मी तो आहे तेवढा काढला.

तुम्हीही हेच केलंत ना? मुंबईला जाऊन तैलरंग शिकलात, महाबळेश्वरच्या दऱ्या रंगवून साहेबलोकांना विकल्यात, नाव झालं. मग संस्थानातून बोलावणं आलं. राजघराण्याच्या मूळपुरुषानं गड जिंकला, तो प्रसंग महाराजांना हवा होता. तुम्ही गडाखाली मुक्काम करून आलात आणि भिंतभर कॅनव्हासवर कडे रंगवलेत. महाराजांनी विचारलं, "यात आमचे पूर्वज कुठं आहेत?" तुम्ही कड्यावरच्या नखाएवढ्या माणसावर बोट ठेवलंत. "हे काय, इथं."

चित्र परत आलं. दरबार सुटला. पुढे जन्मभर तुम्ही नाटक कंपन्यांचे पडदे रंगवलेत: जंगल, राजवाडा, रस्ता. दरबारचा चितारी पडदेवाला झाला, असं लोक म्हणाले. मुलांना तुम्ही कारकून केलंत आणि माझ्यापर्यंत घरात कुणी ब्रश धरला नाही. ज्याच्या नात्यातच खापर, त्याच्यावर ते फोडणं सोपंच! आजही कुणी हट्टापायी हातचं काम घालवलं, की आमच्याकडे म्हणतात, "केलास ना डोंगर मोठा!"

एक विचारू? तो माणूस थोडा मोठा केला असता, तर काय बिघडलं असतं? खापरपणजीचा तरी विचार करायचात. मला राग येतो तुमचा.

की तुम्हाला वाटलं, एवढा डोंगर चढून गेला, यातच त्या माणसाचा मोठेपणा? डोंगरच लहान केला, तर त्यानं जिंकलं काय? पुण्याला बाबांकडे ते चित्र अजून आहे. लहानपणी मी त्या इवल्या माणसाला शोधत बसायचे आणि सापडला की मला फार आनंद व्हायचा.

दुपारी बाबांना फोन केला. "घराण्यात एकदा झालं ते पुरे. लहान कर आणि मोकळी हो," म्हणाले. त्यांचंही खरं आहे. आम्हा दोघींचा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. ती गेली तर लेकीची शाळा, हे घर, सगळं आवरायचं. मला भीती वाटते. संध्याकाळी घरी काम करत होते, तेव्हा लेक मागे उभी राहून स्क्रीन बघत होती. "बट आई, इट इज दॅट बिग," एवढंच म्हणाली.

उद्या चित्र क्लायंटसमोर लागेल. डोंगर मी लहान करणार नाही. "हॉटेल कुठंय?" असं त्यांनी विचारलं, तर तुमच्यासारखंच बोट ठेवीन. पण तुम्ही पुढे गप्प राहिलात, मी राहणार नाही. लोक तिथे मान वर करायलाच येणार आहेत, हेही त्यांना सांगेन.

आणि खापर फुटलंच, तर या वेळी दोघांच्या नावानं फुटू दे.

तुमची,
खापरपणती