प्रार्थनेआधीचा घास

ता. ४ मार्च

तुझ्या ऑफिसातला तो चष्मेवाला साहेब लिहून गेला, की आम्ही म्हाताऱ्यांना उपाशी ठेवून देवाचं नाव घ्यायला लावतो. आता आशीर्वाद घे.

चि. नातीस अनेक आशीर्वाद. म्हाताऱ्यांच्या जेवणाला सरकारी अनुदान मिळणार म्हणून आमच्या प्रार्थनाघराच्या विश्वस्तांच्या अंगात आलं. तपासणीच्या दिवशी जेवणघरातल्या प्रार्थनेच्या पाटीवर त्यांनी चादर टाकली आणि बजावलं, आज कुणी प्रार्थना म्हणायची नाही. मी वाढलं. कुणी हात लावीना. प्रार्थनेशिवाय घास उचलायची सवयच नाही ना! साहेबाने विचारलं, का जेवत नाही? आमचा रिटायर पोस्टमन म्हणाला, "अजून परवानगी नाही."

झालं. अनुदान अडकलं. ते गेलं तर घरपोच डबे बंद. अंथरुणाला खिळलेल्यांनी काय भिंती चाटायच्या? फाईल जरा पुढे सरकव.

माया आहेच, आधी काम कर.

आजी

ता. ९ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. फाईलला मी हात लावणार नाही. तिथे माझी आजी स्वयंपाक करते, हे मीच साहेबांना लिहून दिलंय. रागाव हवं तर.

प्रार्थनेला कुणाची हरकत नाही, आजी. पैसा सगळ्यांच्या करातून येतो, त्यात देव न मानणारेही आले. म्हणून ताटासाठी कुणाला प्रार्थनेला थांबावं लागू नये, एवढंच. साहेब पुन्हा येतील. कधी ते मला ठाऊक नाही, असतं तरी सांगितलं नसतं.

गुडघ्याला मलम लाव, आणि रागातही थोडा लोभ राहू दे.

तुझी नात

ता. १७ मार्च

चि. नातीस आशीर्वाद. हा ताठा माझ्याकडूनच आलाय, म्हणून सोडते.

विश्वस्तांना म्हटलं, चादर घरी न्या. आधी जेवण, मग शेजारच्या खोलीत प्रार्थना. ज्याला यायचं तो येईल. ते म्हणाले, मग कुत्रंही फिरकणार नाही. म्हटलं, म्हणजे इतकी वर्षं लोक देवासाठी नाही, माझ्या रश्श्यासाठी बसत होते, असं तुम्हीच म्हणताय. चादर काखोटीला मारून निघाले.

पण पहिल्या दिवशी पुन्हा सगळ्यांचे हात मांडीवर. रांधणारी सगळ्यांच्या शेवटी जेवते, तुला माहीत आहे. मी मधोमध खुर्ची ओढली, ताट घेतलं आणि प्रार्थनेआधी घास तोंडात घातला. सगळे छताकडे बघायला लागले. नाही कोसळलं. पोस्टमनने चमचा उचलला, मग बाकीच्यांनी.

काल साहेब न सांगता आले. एक लोहार जेवला, तोंड पुसलं आणि सरळ घरी गेला. कुणी अडवलं नाही. बाकीचे आपणहून आतल्या खोलीत गेले. साहेब दारात उभे राहून बघत होते. मी त्यांनाही जेवायला बसा म्हटलं, तर म्हणाले, नियमात बसत नाही. तुझेच साहेब शोभतात.

डबे अजून जातायत, पण कोठीचा तळ दिसायला लागलाय. लोभ कर, तब्येत सांभाळ आणि यात मध्ये पडू नकोस. उपाशी ठेवतो असं ज्याने लिहिलं, त्या चष्मेवाल्यानेच अनुदानाचं उत्तर लिहायचं. विश्वस्तांना नाही, मलाही नाही; डब्याची वाट बघत पडलेल्या माणसांना.

आजी