पंपाच्या खोलीतली वायर

प्रिय आक्का,

तुझा दोनदा फोन येऊन गेला आणि दोन्ही वेळा मी तो नुसता वाजू दिला. उचलला असता तर तू आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली असतीस, आणि मग मला पुढचं काही बोलता आलं नसतं. म्हणून लिहिते आहे. इस्लामपूरला तुम्हा दोघांना करमतं का? तुमच्या मिलिंदच्या दोन खोल्यांत धोंडीबादाजींना दिवसभर बसून राहणं जड जात असेल. ज्या माणसाच्या अंगावर वीस वर्षं गिरणीतलं पीठ उडालेलं पाहिलं, तो स्वच्छ कपड्यांत कसा दिसत असेल, असं कधीकधी मनात येतं.

इकडे वीरधवलची विजेची गाडी नीट चालली आहे. गेल्या वर्षी ती घ्यायची ठरली तेव्हा पूजा सूनबाई नको म्हणत होती, हप्त्याला घाबरत होती. मीच हट्ट धरला. बावीस वर्षं ह्यांनी कराड-पुणे डिझेलच्या गाडीवर काढली. दिवाळीत त्यांना जाऊन तीन वर्षं होतील, पण त्यांचे दोन शर्ट मी अजून धुतलेले नाहीत. त्या डिझेलच्या वासात किती पैसा जळाला हे मला तेव्हाही कळत होतं. शाळा चौथीत सुटलेली मी, तुझ्या बुद्धविहारातल्या कपाटातली पुस्तकं वाचून वाचून शहाणी झाले. पेपरात गाड्यांचं काही आलं की कात्रण ठेवायचे. मग वहीत मांडलं. डिझेलला किलोमीटरमागे पावणेपाच रुपये, विजेला रुपया-सव्वा रुपया.

ही गोष्ट वीरधवलने कराडच्या स्टँडवर सांगितली आणि ड्रायव्हर पोरं मला फोन करायला लागली. उदयसिंह तर एकदा घरीच आला. "काकी, पान्यावर चालनारी गाडी येतीया म्हनं. तवर थांबू का?" मी त्याला सांगितलं, "हायड्रोजन म्हंजी पानी न्हवं बाबा. आन त्येचा पंप आपल्या कराड-सांगलीत कुठं हाय ते दाव, मग खुशाल थांब." त्याने ते जाऊन सांगितलं तशी पोरं हसली. स्टँडवर मला 'हिशेबवाल्या काकी' नाव पडलं. आक्का, खोटं कशाला बोलू, मला ते नाव आवडलं होतं.

पण त्या वहीत एक ओळ मी कुणाला दाखवली नाही. घरच्या मीटरवर एवढं बिल येईल म्हणून मी घाबरले होते. वेगळं मीटर घ्यायचं तर अर्ज, पैसे, हेलपाटे. आपल्या शेतीपंपाला तर बिलच येत नाही. विहीर घरामागे, पंपाची खोली अंगणातून वीस पावलांवर. वीरधवल म्हणाला, "आये, वायर ओढू का हिकडनं?" आणि मी म्हणाले, ओढ. एवढंच. त्याने विचारलं आणि मी हो म्हटलं. पंपाला वीज यायची त्या आठ तासांत उसाला पाणीही चालायचं आणि गाडीही भरायची. सव्वा रुपयासुद्धा पडत नव्हता. गाडीच्या तोंडातली ती चार्जिंगची नळी लोकांना दिसू नये म्हणून वरून मी ह्यांचं जुनं घोंगडं टाकायचे.

एप्रिलमध्ये मळ्याचा ट्रान्सफॉर्मर, आपला डीपी, जळाला तो दिवस तुला आठवतो. सगळ्यांचे पंप चालू होते, त्याच डीपीवरची तुमची गिरणीही, ऊन तसलं, आणि आमची गाडी लावलेली होती. धूर दिसला तशी मी पंपाच्या खोलीत धावले. आमच्या पेटीतली वायर वितळून काळी झाली होती. वायरमन यायच्या आत वीरधवलने ती काढून टाकली. काढलेली वायर मी शेणाच्या खड्ड्यात पुरली. त्या वायरमनने सांगितलं, पंपाशिवाय आणखी कशाचा तरी लोड आला आहे.

नवा डीपी यायला अकरा दिवस लागले. ऊस माना टाकायला लागला. देवळासमोर वर्गणीची बैठक झाली, तिथे शेजारच्या मळ्याचा नानासो सगळ्यांदेखत म्हणाला, "गिरनीनंच खाल्ला डीपी. आकडा टाकल्याबिगार येवढा लोड येतुय व्हय?" दाजी उठून म्हणाले, "आवं, माजं मीटर हाय. दर म्हैन्याला बिल भरतूय. दावू का?" बिल बघायला कुणी हात पुढं केला नाही. दुसऱ्या कुणाची गिरणी असती तर निदान बिल तरी बघितलं असतं, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. मग दाजींनी माझ्याकडे पाहिलं. "वयनी, तुमाला युनिटातलं कळतंय. तुमी तरी सांगा ह्यास्नी."

मी म्हणाले, "मला बाईमाणसाला विजेतलं काय कळतंय?"

स्टँडवरच्या पोरांना फोनवर युनिट समजावून सांगणारी मी, हे बोलले. तू बायकांत बसली होतीस. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तर बरं झालं असतं.

पुढचं सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. बायका दळण घेऊन शेजारच्या गावाला जायला लागल्या. मीही गेले, आक्का. पूजाच्या स्कूटीवर मागं डबा धरून तुझ्या दारावरून गेले. मे महिन्यात गिरणीला कुलूप लागलं. ह्यांच्या आजारपणात ज्या घरातून मला पंधरा दिवस भाकरी आल्या, ते घर माझ्यामुळे बंद झालं.

गेल्या आठवड्यात मी वही पुन्हा काढली आणि सगळं खरं धरून मांडलं. महिन्याला पाच हजार किलोमीटर. डिझेल असतं तर चोवीस हजार गेले असते. निम्मं चार्जिंग घरी रीतसर मीटरवर, निम्मं हायवेवर महाग दराने, असे साडेदहा हजार. गाडी महाग म्हणून हप्ता नऊ हजारांनी जास्त. तरीही साडेचार हजार उरतात. गाडी परवडतच होती. चोरी केली नसती तरी परवडत होती. पंपाच्या विजेने माझे महिन्याला तीन हजार वाचले, बस. तेवढ्यासाठी मी दाजींना चोर ठरू दिलं. ती बेरीज मी चार वेळा करून पाहिली, कुठं चुकली असेल तर बरं, म्हणून. चुकलेली नाही.

सोमवारी मी कराडच्या वीज ऑफिसात जाऊन सगळं लिहून दिलं. तिथला साहेब म्हणाला, "मावशी, तक्रार कुणाचीच न्हाई, मग कशाला लिहून देताय?" मी म्हटलं, तक्रार हाय, तुमच्यापर्यंत आली न्हाई. दंड किती ते कळवणार आहेत. वेगळ्या मीटरचा अर्जही दिला. तोवर गाडी हायवेवरच भरायची. वीरधवल माझ्याशी बोलत नाही. त्याचं म्हणणं, स्टँडवर आता तोंड कसं दाखवू. मी त्याला म्हटलं, माझं नाव सांग.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हेच उभी राहून वाचणार आहे, नानासोसमोर. वायर खड्ड्यातून काढून धुऊन ठेवली आहे, तीही नेणार आहे. तुम्ही यावं, माफ करावं, गिरणी उघडावी, असलं काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. वाचणार आहे तो कागद सोबत जोडला आहे. मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेला अर्ज तूच तपासला होतास, तुझ्या त्या लाल पेनाने. हाही तपास. शुद्धलेखन राहू दे. माझ्या बाजूने कुठं काही झाकलं गेलं असेल, तिथं खूण कर आणि चौदा तारखेच्या आत परत पाठव.

तुझीच,
मनू