डोक्यावरचा हात

सोमवार, ४ ऑगस्ट

सकाळी खिडकीसमोर पुन्हा ती पिशवी! चौथ्या मजल्यावरच्या मथुराबाई दोरीला बांधून सोडतात, भाजीवाला कोथिंबीर टाकतो आणि पिशवी माझ्या चहासमोरून वर जाते. ओरडायला मान वर केली – तर मानेतून थेट अंगठ्यापर्यंत करंट! चहा लेंग्यावर. जया म्हणाली, "अहो, नुसती खिडकी लावून घ्यायची होती." सहानुभूती संपली.

बुधवार, ६ ऑगस्ट

डॉक्टर म्हणाले, मानेतली नस दाबली गेलीये, ऑपरेशन नको, फिजिओथेरपी करा. आमचा न्हावी मान मोडून देतो, तो चालेल का, असं विचारलं. त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं.

घरी येईपर्यंत जयाने फिजिओ ठरवलीसुद्धा – मथुराबाईंचीच सून, तनुजा! घरीच पेशंट बघते. सासूबाईंना एकटं सोडता येत नाही म्हणून खाली येणार नाही. म्हणजे मी वर जायचं. जिन्याने.

गुरुवार, ७ ऑगस्ट

चढलो. वर पोचलो तेव्हा मान सोडून बाकी सगळं दुखत होतं.

तनुजाने मान दोन्ही हातांत धरून हळूहळू ओढली, मग एकेका मणक्याला बोटांनी दाब देत बसली. मी 'टक्क' आवाजाची वाट बघतोय. आलाच नाही! म्हटलं, "एवढंच?"

"काका, मान आहे. नारळ नाही."

मग व्यायाम. हनुवटी आत ओढायची, खांदे मागे. आरशात बघितलं – अपमान झालेला कोंबडा! निघताना म्हणाली, फारच कळ आली तर हात डोक्यावर ठेवून बसा, नसेवरचा ताण कमी होतो. ठेवून बघितला. खरंच कळ उतरली. हे मात्र आवडलं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंड्याकडे बघायला मान वर होईना. समोरच्याच्या कॉलरकडे बघून राष्ट्रगीत म्हटलं.

मंगळवार, १९ ऑगस्ट

अंगठ्यातल्या मुंग्या कमी आहेत. पण बराच वेळ बसलो की दंडातून कळ येतेच.

आज मथुराबाई गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. गुडघे पार गेलेत. म्हणाल्या, "आलासा व्हय, रामदासभाऊ! खाली बाकड्यावर आता कोन बसतंय?"

"कोणी नाही."

"दिवाळीपास्नं उतरले न्हाई मी. हितनं निस्ता कोपरा दिसतोय त्याचा."

रविवारच्या सभेत लिफ्टचा ठराव आहे. तो विषय कोणीच काढला नाही. लिफ्ट बरोब्बर माझ्या खिडकीसमोर येणार, झोपायच्या खोलीतला उजेड जाणार. आणि तळमजल्याला लिफ्ट हवी कशाला? माझं मत ठरलेलं आहे – विरोधात!

रविवार, २४ ऑगस्ट

घात झाला!

सभा लांबली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या. कळ दंडात उतरायला लागली म्हणून हात डोक्यावर ठेवला. नेमका तेव्हाच सेक्रेटरी आनंद म्हणाला, "लिफ्टच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा." मोजले. एका मताने मंजूर! टाळ्या. तनुजाचा नवरा तर मला मिठी मारायला आला. मी ओरडलो, "सोडा! मान!"

आनंदला म्हटलं, "तो हात म्हणजे मत नव्हतं, उपचार होता!"

"काका, सभेच्या वहीत उपचार असा रकाना नसतो."

शेवटी लेखी हरकत दिली. गणपतीनंतर फेरमतदान.

सोमवार, २५ ऑगस्ट

वर जायची लाज वाटत होती. गेलो. तनुजाने हरकतीचं नावसुद्धा काढलं नाही. मान नेहमीइतकीच जपून धरली. तिच्या हातात मान देऊन मी तरी काय बोलणार!

मथुराबाईंनी विचारलं, "हात बरा हाय का?" फार वाईट वाटलं. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मंगळवार, २ सप्टेंबर

आरतीला टाळ दोन्ही हातांनी वाजवले. जया म्हणाली, जरा कमी जोरात.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

सकाळी पिशवी आली. ओरडायच्या तयारीने झटकन वर बघितलं – कळ नाही! अंगठ्यात मुंग्या नाहीत! मान वर ठेवून तसाच उभा राहिलो.

वर कठड्याशी मथुराबाई. पिशवीकडे बघतच नव्हत्या. वाकून वाकून बाकडं बघत होत्या. मी दिसलो तसा त्यांनी हात केला. मीही केला.

जयाला म्हटलं, मान वर झाली. ती म्हणाली, "मग ओरडा की आता."

ओरडलो नाही. कोथिंबिरीची पिशवी अडकली होती, ती सोडवून दिली.

रविवार, २१ सप्टेंबर

फेरमतदान. हात वर केला. आनंद मोजता मोजता थांबला.

"काका, मान दुखतेय का?"

"नाही. मोजा."