पाचव्या मजल्यावरचं दार

त्रिपोली, लेबनॉन

प्रिय अबू रियाद,

आपल्या सेवा क्लबने माझ्यावर केलेल्या घोर अन्यायाची इतिहासाने नोंद घ्यावी. रमजानची धान्याची खोकी वाटताना सगळ्यांना तळमजले मिळाले, मला मात्र पाचवा, आणि लिफ्ट बंद!

काल धापा टाकत चढलो. खोकं दारात ठेवलं, कडी वाजवली आणि पाठ फिरवली. घेणाऱ्याचं नाव विचारायचं नाही, तोंड बघायचं नाही, हा नियम तुम्हीच अध्यक्ष असताना घातलेला.

दार उघडलं. मागून आवाज आला, "आजही उशीरच का रे, मुनीर?"

आवाज तुमचाच होता, अबू रियाद. बँकेने तुमचे पैसे अडकवल्याचं माहीत होतं. घर विकून तुम्ही इथे आलात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. क्लबात आम्ही म्हणायचो, "म्हातारा रुसलाय, म्हणून सभेला येत नाही."

मी वळलो नाही. "जिने फार आहेत हो," एवढंच बोललो.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं, तर तुमचं तोंड बघितल्यासारखं होईल.

पण उशिरा येणाऱ्याने पाकात भिजवलेला, चीजचा गोड कुनाफा खिलवायचा, हा दंडही तुमचाच. म्हणून आज पुन्हा पाच मजले चढलो. इफ्तारच्या आधी गरम कुनाफ्याचं ताट दारात ठेवलं, कडी वाजवली आणि पाठ फिरवली.

आज वेळेवर आलो होतो.

तुमचाच,
मुनीर