आप्पांचा ओके

११ जानेवारी, रविवार
आज भटूकाकांनी मला घरातली दुभाषी करून टाकलं! भाऊबंद भेटायला आले होते. आप्पा काही म्हणाले की काका लगेच, ‘ममताले इचारा.’

दिवाळीत आप्पांना झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. तोंडात एकच शब्द राहिला — ओके. जन्मभर अहिराणीत भांडलेला माणूस, आणि उरलं काय तर इंग्रजी! केळीच्या व्यापाऱ्यांशी फोनवर बोलून बोलून लागलेली सवय. भाव पडला तरी ओके, गाडी आली नाही तरी ओके.

पण एक नाही तो. चहात साखर कमी असली की आखूड, दातावर दाबलेला. लाइट गेली की लांबलचक, वायरमनला शिवी घातल्यासारखा. मळ्यातून माणूस आला की लागोपाठ दोनदा, म्हणजे केळीला पाणी दिलं का? मला सगळे येतात. माय नुसती पदराला हात पुसत बघत राहते. तिचं मला वाईट वाटतं.

१५ जानेवारी
पतंग बघायला आप्पांना खुर्चीसकट ओट्यावर आणलं. कुणाचा तरी पतंग कटला. ‘ओके!’ — चक्क हसले!

१८ जानेवारी
नवनीतच्या घरचे पुढच्या रविवारी सुपारी फोडायला येणार. गाव लोणखेडा, नोकरी सुरतेला. कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढे होता. मला आवडतो — लिहिलं एकदाचं.

पण सुरत! मी गेल्यावर आप्पांना समजणार कोण? माय दिवसभर चुलीपाशी, काका तर काय म्हटलं तरी चहाच आणून देतात.

२५ जानेवारी
सगळे बसले. ताटात सुपारी, कुंकू, नारळ. एकदा सुपारी फुटली की आमच्यात कुणी मागे फिरत नाही, आणि ती फुटायची मुलीच्या बापानं तोंडानं हो म्हटल्यावर. काकांनी विचारलं, ‘मंग भाऊ, पक्कं समजूत का?’

आप्पांनी आधी नवनीतकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे भरले. ‘ओके.’ इतका स्वच्छ आजवर कधी म्हणाले नव्हते.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘काय म्हनतस त्या?’

मी म्हटलं, ‘थांबा म्हणतात.’

काकांनी सुपारी रुमालात बांधली. पाहुण्यांनी चहा घेतला आणि गेले. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मला तिथे बसवेना.

२६ जानेवारी
नवनीतचा फोन. ‘आप्पांना मी पसंत नाही का?’ काय सांगू त्याला! आप्पा नको म्हणाले असते तर बरं झालं असतं. मला आप्पाही हवेत आणि तोही हवा. जेवण गेलं नाही.

२८ जानेवारी
आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. एकच शब्द आहे, तोही मला द्यायचा नाही! चहा नेला तर तोंड भिंतीकडे. मीही मग कप आदळला. नंतर न्हाणीत जाऊन रडले.

३० जानेवारी
दुपारी मागच्या दारी माय मिरच्यांचे देठ काढत होती. आप्पा बाजेवर. आप्पा म्हणाले, ‘ओके.’ माय उठली, त्यांची उशी उन्हातून सावलीत सरकवली. पुन्हा, ‘ओके.’ माय हसली, ‘हा, सांज ना करसू पिठलं. तिखं नही करसू.’

मी दारातच उभी राहिले. ‘माय, तुला समजतं?’

‘पयल्या दिनपाईन समजस.’ तिनं मान वर केली नाही. ‘त्यासले झटका उना तवय तू जेवन सोडी देल व्हतं. त्यासनं बोलनं समजाले लागनी, तवय जेवाले लागनी. म्हनीसनी मी गप ऱ्हायनू.’

‘मग रविवारचं...’

‘ते बी समजनं. काकाले सांगी दिनं मी. परोनदिन, रविवारले, परत ई ऱ्हायनात त्या लोके.’

आप्पा आज माझ्याकडे वळले. ‘ओके,’ म्हणाले. हा मी ऐकलेला नव्हता. मी मायकडे पाहिलं.

‘जाय म्हनतस,’ माय म्हणाली.