मोहितच्या रक्ताचे आकडे

जरीपटका, नागपूर
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय सरिता,

सप्रेम जय भीम. सावनेरात थंडी पडली असेल. अंगणवाडीतली पोरं काय म्हणतात? तुझा खोकला थांबला का?

शनिवारच्या कार्यक्रमाचं निमंत्रण मिळालं असेलच. सिकलसेलवर काम करणारे डॉ. सुमंत आणि संगणकाचं सगळं पाहणारी रितिका, दोघंही तुझी वाट पाहत आहेत. मोहितचे दवाखान्यातले कागद वापरायला तू सही दिलीस, म्हणून हे काम उभं राहिलं. डोळ्यांवर संगणकाला जोडलेला चष्मा चढवला की माणूस थेट शिरेत उभा राहतो. मोहितच्या नऊ वर्षांच्या तपासण्यांचे आकडे पेशी होऊन भोवताली वाहतात. त्या पेशी मी घडवल्या, आधी शाडूत, मग पडद्यावर. पहिल्यांदा फार देखण्या झाल्या होत्या. सुमंत म्हणाले, "दागिने नको घडवू गा, संघपाल. पाहणाऱ्याले दुखलं पाहिजे."

परवा रितिकाने २०२१ मधला तान्ह्या पोळ्याचा दिवस लावला. तुला आठवतो. गल्लीत पोरं लाकडी बैल फिरवत होती आणि मोहित माझा हात धरून ओरडत होता, "मामा, माहा पाय कापून टाक ना." चष्म्यात विळ्यासारख्या वाकड्या पेशी एकीवर एक चढत गेल्या. रक्त थांबलं. मी शेवटपर्यंत चष्मा काढला नाही.

बाहेर आल्यावर सुमंत म्हणाले, "लग्नाआधी पोरापोरींले हे दाखवू. रक्ततपासणीच्या कार्डावर 'वाहक' लिहिलेलं असते, तरी लोक लपवतात. काहून लपवतात, सांग?"

मी म्हणालो, चहा घेऊ.

सरिता, तुझं कार्ड मी लपवलं.

जितेंद्रने सोयरिकीच्या वेळी स्वतःहून सांगितलं होतं की तो वाहक आहे. मुलीची तपासणी करा, एवढीच त्याची अट होती. तुझं कार्ड आणायला मी गेलो. त्यावरही तेच लिहिलं होतं. मी दोन्ही घरी सांगितलं, "साफ आहे. कार्ड मागाहून मिळेल." तुझी दोन लग्नं ठरून मोडली होती, आई खाटेवर होती. दोघं वाहक असले तरी चारांतलं एखादंच मूल आजारी निघतं, असंही मी स्वतःला समजावलं.

ते एक मोहित होता.

तो अकरा महिन्यांचा असताना आजार कळला आणि जितेंद्र तुला खोटारडी म्हणाला. तू माझ्याकडे वळलीस. "दादा, तू तरी सांग ना याले." मी म्हणालो, लग्नाआधी तपासणाऱ्यांची चूक झाली असेल. मोहित गेला, आणि त्याच्या पुण्यानुमोदनानंतर जितेंद्रने तुला सावनेरला आणून सोडलं, तेव्हाही मी तुझ्या बॅगा उचलल्या. तोंड उघडलं नाही.

काल इतवारीत गेलो. जितेंद्र भांड्यांच्या दुकानात एकटाच होता. कार्ड त्याच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. मारेल असं वाटलं होतं. तो कार्ड पुन्हा पुन्हा वाचत राहिला. "नऊ वर्षं मी तिले खोटारडी म्हणत राहिलो," म्हणाला. मग म्हणाला, "तुमी जा इथून." तो तुझ्याकडे येणार आहे. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

सुमंतांनाही सांगितलं आहे. ते पाठ करून उभे राहिले. कार्ड या पत्रासोबत पाठवतो आहे. जाळायची हिंमत कधी झाली नाही, दाखवायचीही नाही.

शनिवारी यावंसं वाटलं तर ये. मी तिथे नसेन. मोहितपाशी तुला माझ्याशिवाय उभं राहता यावं.

'तुझा भाऊ' असं लिहायला हात धजत नाही.

संघपाल